मागून ढकलायची गाठ

१

गाठ सुटली होती का?

हा प्रश्न बसवेशनं आधी वडिलांना विचारला. ते म्हणाले, "जेवून घे." मग सिद्धाराम काकाला विचारला. काका म्हणाला, "टेम्पोच्या चाकात हवा हाय का बघ." मग दिवसाच्या कार्याला आलेल्या स्वामींना विचारला. त्यांनी त्याच्या कपाळाला भस्म लावलं आणि चहात साखर कमी टाका म्हणून आत निरोप धाडला. आईला त्यानं विचारलंच नाही. आई त्याच्या हातांकडं बघायची आणि पदर तोंडाला लावायची.

प्रश्न तसा साधा होता. श्रावणात त्याची धाकटी बहीण शिवानी तापानं गेली. त्यांच्यात माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. पण गेलेलं माणूस आपण होऊन बसत नाही, पाठीशी फळी देऊन त्याला बांधावं लागतं. बांधायचं काम निघालं तसं सगळ्यांनी बसवेशकडं पाहिलं. पाटोद्यात काकाच्या मंडप डेकोरेशनचे सगळे खांब तोच बांधायचा. त्यानं नाक पुसत पुसत पांढऱ्या नवारीनं बहिणीला फळीशी बांधलं. आणि हातानं, त्याला न विचारता, मंडपाची गाठ मारली.

मंडपाची गाठ हा काकाच्या मते काकाचा शोध होता. मागं एकदा वादळात एका लग्नाचा मंडप वऱ्हाडासकट शेजारच्या तुरीत जाऊन पडला, तेव्हा काकानं सगळ्यांना गाठी दाखवल्या होत्या. "बघा, मंडप गेला, पर गाठ सुटली का?" ती गाठ ओढाल तितकी आवळते. टोक कुठं गेलं ते दिसत नाही. सोडायची एकच रीत: गाठीच्या मागून अंगठा घालायचा आणि बाहेर ढकलायची.

खड्ड्यात ठेवल्यावर माती लोटायच्या आधी गाठी सोडायच्या असतात. ती गाठ कुणालाच सुटेना. एक आजोबा दातानं सोडायला वाकले आणि त्यांची कवळी नवारीत अडकली. इतक्यात बसवेशला काय झालं कुणास ठाऊक. त्यानं खड्ड्यात भस्माबरोबर ओतायला आणलेलं मिठाचं अख्खं पोतं एकदम उलटं केलं, स्वतः आत उडी मारली आणि "ऊठ की गं, शाळेला उशीर झाला," म्हणून ओरडायला लागला. त्याला धरून बाहेर ओढलं आणि टेम्पोत कोंडलं. टेम्पोच्या काचेतून पाठमोरी माणसं तेवढी दिसली. थोड्या वेळानं ती हात झटकत परत आली.

पुढचं त्याला कुणी सांगितलं नाही.

२

माघात संत मार्था कन्या प्रशालेचा अमृतमहोत्सव होता. शिवानीची शाळा. मंडपाचं काम काकाला मिळालं आणि बसवेश त्या गेटातून आत जायला तयार होईना.

"बे, तुला मंडप घालायचाय," काका म्हणाला, "बाराखडी न्हाई गिरवायची."

बसवेशची आणि बाराखडीची फारकत सातवीत झाली होती. त्यानं हेडमास्तरांची सायकल दोरानं कडुलिंबाच्या शेंड्याला नेऊन बांधली. ती अजूनही तिथंच आहे. गाठ सुटली नाही.

गेटावर शहादेव शिपाई होता. बसवेशला बघून तो उठला आणि मोठ्या गेटातलं छोटं दार उघडून उभा राहिला. ते दार उशिरा येणाऱ्या पोरींसाठी होतं. म्हणजे खरं तर शिवानीसाठीच होतं. रोज घंटा झाल्यावर शहादेव त्या दाराशी थांबायचा, बाहेरून बुटांचा धावता आवाज आला की म्हणायचा, "आली लेट लतीफ!" आणि कडी काढायचा.

मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना मूळच्या केरळच्या. पण पाटोद्यात इतकी वर्षं काढली की मल्याळम त्या आता फक्त देवाशी बोलायच्या. बाकी जगाला पाटोद्याची बोली.

"कावून रं," त्या म्हणाल्या, "नऊला बोलवलं, आता येतूस? तुज्या बहिणीसारखाच हायस." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग त्याच चष्म्यातून त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "चल. एक गाठ सोडायची हाय."

बँडच्या खोलीचं आता वारसा दालन झालं होतं. पहिल्या सिस्टरांची लोखंडी पेटी, त्यांचा कंदील, आणि मधोमध तो ढोल. बँडवाल्यांचा असतो तसला, रांजणाएवढा. त्याची गोष्ट सिस्टर येईल त्याला सांगायच्या, खुर्च्या उतरवणाऱ्या हमालांनाही त्यांनी ती सांगितली होती. निजाम नुकताच गेलेला. दोन सिस्टर बैलगाडीतून पाटोद्यात आल्या, पण शाळेत कुणी पोरगी पाठवेना. तेव्हा त्यातल्या एकीनं हा ढोल गळ्यात अडकवला आणि बाजारातून वाजवत निघाली. लोकांना वाटलं दवंडी आहे, रेशनची साखर आली. बायका पोरींना कडेवर घेऊन मागं धावल्या. सगळ्या आवारात शिरल्यावर सिस्टरनं उंबऱ्यावर ढोलाचा एक जोरदार ठोका दिला आणि गेट लावून घेतलं. पहिली पटसंख्या अशी झाली.

तेव्हापासून स्थापनादिनाला ढोल बाजारातून फिरतो, सगळ्या पोरी आत येतात, ढोलवाली उंबऱ्यावर शेवटचा ठोका देते आणि गेट लागतं. ठोका म्हणजे सगळ्या आल्या. शिवानी ढोल वाजवायला लागल्यापासून मात्र ठोके दोन पडायचे. एक शाळेचा, आणि हात आवरला नाही म्हणून एक तिचा स्वतःचा.

"ही रुचिका," सिस्टर म्हणाल्या. "आता हिनं वाजवायचं."

रुचिका म्हणजे विजेचा खांब. तिनं ढोल अडकवला तर तो थेट नाकापर्यंत आला आणि ढोलावर नुसते दोन डोळे दिसायला लागले. पट्टा शिवानीच्या उंचीचा होता. चामड्याचा जुना पट्टा तुटला तेव्हा शिवानीनं दादाच्या मंडपातली पांढरी नवार आणून बांधली होती. पाठीवर मंडपाची गाठ होती. ती दादानंच तिला शिकवलेली. मग काय, ती प्रत्येक गोष्टीला तीच मारायला लागली. युनिफॉर्मच्या कमरपट्ट्यालासुद्धा. शाळेतून आली की दारातच पाठ करून उभी राहायची. "दादा, सोड की."

"आमी कातरणार होतो," सिस्टर म्हणाल्या. "पर तिनं बांधलेली. कात्री लावू वाटंना."

बसवेशनं मागून अंगठा घातला. गाठ सुटली. नवार लांब करून त्यानं बुटाच्या नाडीला मारतात तसलं साधं फुलपाखरू मारलं आणि ढोलाकडं न बघता खांब रोवायला गेला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांचा फोन.

"मस्करी करायची ही जागा हाय का?"

बसवेश धावत शाळेत गेला, तर ढोल होता तिथंच होता. नवार परत आखूड झाली होती. पाठीवर मंडपाची गाठ.

"मी न्हाई केलं," बसवेश म्हणाला.

"मग ढोलानं सोताच सोताला बांधून घेतलं?"

खोलीला कुलूप होतं. किल्ली शहादेवच्या करदोड्याला. शहादेवला विचारलं तर तो अपमान झाल्यासारखा ताठ झाला. "सिस्टर, माझ्या करदोड्याची किल्ली माझ्या बायकोनं बी अजून बघितली न्हाई."

बसवेशनं गाठ सोडली, फुलपाखरू मारलं. पुढच्या सकाळी परत तेच.

आता बसवेश शिकलेला नसला तरी बिनडोक नव्हता. त्यानं रीतसर विचार केला. ही गाठ या जगात दोघांना येते. काका असेल? पण काका गाठ मारील आणि बिल लावणार नाही, हे शक्यच नव्हतं. मग उरलो मी. दुःखात माणूस झोपेत चालतो असं त्यानं ऐकलं होतं. म्हणून त्या रात्री त्यानं आपला पाय खाटेला मंडपाच्या गाठीनं बांधला आणि झोपला. सकाळी हे साफ विसरून उठला आणि खाटेसकट तोंडावर आपटला. आई धावत आली. तिनं खाट बघितली, पाय बघितला, गाठ बघितली.

"हे काय?" तिनं विचारलं.

"बघत होतो," तो म्हणाला, "मी जातो का कुठं."

"तू कुठं जाऊ नको," आई म्हणाली, आणि चुलीकडं वळली.

त्याचं नाक सुजलं, पण मन हलकं झालं. मी गेलेलो नाही. मग शाळेत पोचला आणि ढोलाच्या पाठीवरची गाठ बघून त्याच्या ध्यानात आलं, की मन हलकं व्हायचं यात काहीच कारण नव्हतं.

४

त्या दिवशी नवारीच्या घडीत काहीतरी पांढरं दिसलं. खडू असणार. शाळा म्हटल्यावर खडू. बसवेशनं बोट फिरवलं. खडूची पूड मऊ असते, हे बोटाला टोचलं.

दुसऱ्या एखाद्यानं यावर विचार केला असता. बसवेशनं बोट चाटलं.

खारट होतं.

दारातून शहादेव बघत होता. "भूक लागली का रं?"

"शहादेवमामा, इथं मीठ कुठून आलं?"

"आता पोरींची शाळा हाय. चिंचा खात्यात, कैऱ्या खात्यात. दफ्तरात पुस्तक नसंल, मिठाची पुडी असती."

हे बसवेशला पटलं. शिवानीच्याही दफ्तरात पुडी असायची. तो सबंध सकाळ ते पटवून घेत राहिला. फक्त पोरींच्या पुडीतलं मीठ बारीक असतं आणि हे जाडं खडेमीठ होतं. आणि माघात झाडाला कैरी नसते. आणि जिभेवर मिठाच्या मागून दुसरी एक चव येत होती, भस्माची. ती त्यानं चहानं धुतली. मग उसाचा रस प्याला. मग तंबाखू खाल्ली. ती गेली नाही.

५

तालमीला रुचिका रडायला लागली.

"मी न्हाई वाजवणार."

"कावून गं?" सिस्टर म्हणाल्या. "एवढी ताडमाड पोरगी, ढोलाला भेती?"

"ढोलाला न्हाई." ती बसवेशकडं बघत म्हणाली, "दादा, पाठीवर गाठ असती ना, तिथं कुनीतरी चाचपतं."

"चाचपतं म्हंजे?"

"म्हंजे टोक शोधतं. बोटानं. सापडंना झालं की जरा थांबतं, परत शोधतं."

मंडपाचं कापड वाऱ्यानं फडफडलं आणि तिघंही दचकले.

"पंच्याहत्तर वर्षात ढोल चुकला न्हाई," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "दुष्काळात फिरला. कोरोनात रस्त्यावर कुत्रं नव्हतं, तवा मी मास्क लावून एकटी वाजवत गेलते. पोलिसानं दंड मागितला, त्याला बी आशीर्वाद दिला. उद्या ढोल निघाला न्हाई तर मी पहिल्या सिस्टरला वर काय तोंड दाखवू?"

मग ज्यानं त्यानं आपापलं केलं. सिस्टरांनी ढोलावर पवित्र पाणी शिंपडलं. काकानं स्वामींकडून भस्म आणून आडवे पट्टे ओढले, वर बेलाचं पान खोचलं. शहादेवनं लिंबू-मिरची लटकवली. शेवटी ढोल असा दिसायला लागला की नारायणगडाच्या जत्रेत ठेवला असता तर लोकांनी नारळ फोडले असते.

"आता कुन्या देवाचं काम झालं हे कसं कळायचं?" काकानं विचारलं.

"आपल्याला काम झाल्याशी मतलब," सिस्टर म्हणाल्या.

बसवेश रुचिकाजवळ गेला.

"तू वाजव," तो म्हणाला. "मी तुज्या मागं चालतो. गाठीवर माझा हात ठेवून. कुनी चाचपलं तर मला चाचपंल."

"ते चावलं तर?"

"ते चावत न्हाई," बसवेश म्हणाला. हे आपण कशाच्या भरवशावर बोललो, ते त्याला कळलं नाही.

६

स्थापनादिनाला ऊन स्वच्छ पडलं होतं. प्रमुख पाहुणे विठ्ठलराव, कारखान्याचे माजी चेअरमन, फेट्यात येऊन बसले होते. त्यांनी स्त्रीशिक्षणावर बोलायला सुरुवात केली आणि उसाच्या भावावर आले. सिस्टरांनी बँडमास्तरांना डोळ्यानं खुणावलं, बिगूल वाजलं आणि भाषण संपलं.

ढोल निघाला. पुढं बिगूल, मग ताशे, मग रुचिका, आणि तिच्या मागं नवीन शर्टातला बसवेश, तिच्या पाठीवरच्या गाठीवर तळहात दाबून. बघणाऱ्याला वाटावं, ढोलाला ढकलगाडीसारखं ढकलतोय. "आरं, स्टार्ट होईना का?" पानपट्टीवरून कुणीतरी ओरडलं. रुचिकाला हसू आलं आणि ठोका चुकला, पण तिचे खांदे सैल पडले. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसवेशची आई उभी होती. ढोल समोरून गेला तशी तिनं डोळे मिटले. सरून गेल्यावरही उघडले नाहीत.

सकाळी बसवेशनं स्वतः फुलपाखरू मारलं होतं. तळहाताखाली त्याचे दोन मऊ कान त्याला लागत होते. बाजार ओलांडेपर्यंत लागत होते. पाण्याच्या टाकीपाशी एक कान आत गेला. त्यानं हात दाबला. हात तिथंच होता, बोट हललं नव्हतं. वळणावर दुसरा कान गेला. तळहाताखाली आता तीन कडक वेढे होते, आणि हात तिथंच होता.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर रुचिका थांबली असती, ढोल थांबला असता. तो चालत राहिला. त्याच्या बोटांच्या फटीतून काहीतरी बारीक रेतीसारखं गळत होतं.

पोरी ओळीनं आत गेल्या. रुचिका उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिनं शेवटचा ठोका दिला. सुंदर दिला. दोघं आत आले, शहादेवनं गेट लोटलं, खिळी मारली. रुचिकानं ढोलाचं टिपरू काखेत धरलं आणि घाम पुसला. बसवेशनं हात मोकळा केला.

तेव्हा दुसरा ठोका पडला.

गेटाच्या बाहेर. आणि आत, काखेत टिपरू असलेल्या रुचिकाच्या गळ्यात, ढोलाचं कातडं थरथरलं. लिंबू तुटून खाली पडलं आणि घरंगळत, स्वागताला गेटाशी आलेल्या विठ्ठलरावांच्या बुटापाशी थांबलं.

"व्वा!" विठ्ठलराव म्हणाले. "डबल!" आणि टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नसेल. रस्त्यावरून बुटांचा धावता आवाज आला आणि दारापाशी थांबला.

"आली लेट लतीफ," शहादेव सवयीनं म्हणाला आणि छोट्या दाराच्या कडीला हात घातला. मग त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कडीवरचा हात काढायचंही त्याला सुचेना. त्यानं बसवेशकडं पाहिलं.

"उघडू का?" तो कुजबुजला.

बसवेशनं त्याला बाजूला केलं आणि स्वतः कडी काढली.

दार वीतभर उघडलं. बाहेर ऊन इतकं होतं की पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग निळा युनिफॉर्म दिसला. दोन वेण्या, लाल रिबिनी, त्यातली एक सुटत आलेली. ती दाराकडं पाठ करून उभी होती. घरी उभी राहायची तशीच, अगदी जवळ, थोडी वाट बघत, थोडी चिडून. छातीवरून काखेतून पाठीवर पांढरी नवार आली होती. नवारीच्या घडीघडीत मीठ होतं. आणि मधोमध ती गाठ, इतकी आवळलेली की कितीजणांनी ती ओढून बघितली असेल ते कळत होतं. खालच्या अंगाला दातांच्या खुणा होत्या.

तोंड दिसलं नाही. त्यानं बघितलंही नाही. 'वळ,' असं म्हणायचं त्याच्या मनात एकदाच आलं, आणि त्यानं दात ओठांत रोवले.

त्यानं हात बाहेर काढला, गाठीच्या मागून अंगठा घातला. थंड होतं. अंगठा ओला झाला. त्यानं ढकललं.

मागं आवारात रुचिका किंचाळली, "दादा, ढोल सुटला!" आणि पंच्याहत्तर वर्षांचा ढोल विठ्ठलरावांच्या पायावर आदळला. विठ्ठलरावांनी असा आवाज काढला की बिगूलवालीला वाटलं पुढचं गाणं सुरू झालं, आणि तिनं ते सुरू केलं. पोरी हसायला लागल्या. सगळी शाळा हसायला लागली. त्या गदारोळात बसवेशच्या अंगाला घासून काहीतरी वाऱ्यासारखं आत गेलं. बुटांचा आवाज आवारातून पळत पळत बँडच्या खोलीकडं गेला. उशीर झालेल्या पोरी पळतात तसा. नंतर तो हसण्यात मिसळून गेला.

बाहेर रस्त्यावर आता कुणी नव्हतं. ऊन होतं, आणि उंबऱ्यावर खडेमीठ.

सिस्टर फिलोमिना विठ्ठलरावांचा पाय सोडून गर्दीतून गेटाकडं आल्या. त्यांनी शहादेवचं तोंड पाहिलं, उघडं दार पाहिलं, बसवेशचा पांढरा झालेला अंगठा पाहिला. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे त्यांनी पुढंही कधी सांगितलं नाही. त्या वेळी त्यांनी फक्त शाळेचं विचारायचं ते विचारलं.

"समद्या आल्या का रं?"

"आल्या," बसवेश म्हणाला, आणि त्यानं दाराला आतून कडी लावली.